आपला न्हाई

"आपला न्हाई," असं म्हणून मास्तर चादर पुन्हा प्रेताच्या पायांवर ओढायचे. चेहरा नंतर, आधी पाय.

मास्तर म्हणजे भिंगारच्या जुन्या बाजारातले शिंपी. नगरच्या अमरधामसमोर आमची लाकडाची वखार आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बसू लागलो. पोलिसांनी "मास्तर" अशी हाक मारली की आम्ही दोघेही वळून बघायचो. हाक बहुतेक त्यांनाच असायची.

बेवारस प्रेत निघालं की शववाहिकेचा ड्रायव्हर त्यांना फोन करायचा. शिवायला घेतलेली विजार मशीनवर तशीच टाकून ते सायकलवर यायचे. पाय बघायचे, ते दोन शब्द म्हणायचे. तुम्हाला वाटेल, मग परत जात असतील. ते थांबायचे. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचे, मडकं फोडायचे आणि घरातलंच माणूस गेल्यासारखे बसून राहायचे.

एकदा त्यांनी मला 'बेवारस' शब्दाचा अर्थ विचारला. माझी शिकवायची खोड काही गेलेली नाही. 'वारिस' अरबीतला, 'बे' फारसीतला, ज्याला वारस नाही तो, असं सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ज्याच्या नावावर कायच न्हाई सर, त्याला वारस कोन व्हनार? शेत असतं तर धा जन आले असते."



त्यांचा धाकटा भाऊ डोक्याने अधू होता. तरुणपणी नेवाशाच्या स्टँडवर त्याला बाकावर बसवून मास्तर भजी आणायला गेले. परत आले तर बाक रिकामा. भावाच्या डाव्या पायाची दोन बोटं जोडलेली होती. हे कळल्यापासून मलाच चादरीची भीती वाटू लागली.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला सापडलेला एक म्हातारा आणला. मास्तरांनी चादर उचलली, बराच वेळ तशीच धरली, मग अलगद सोडली. नेहमीचे शब्द आले नाहीत. मडकं घेऊन फिरले, पण फोडायच्या वेळी ते पोटाशी धरून खाली बसले. पाणी सदऱ्यावरून ओघळत होतं. ड्रायव्हर मडकं सोडवू लागला.

"ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. "आत्ता तर सापडलाय."

त्यानंतर ते कधी आले नाहीत. फोन नुसता वाजत राहतो. आता त्यांना कुणाचे पाय बघायचे नाहीत, हे मला समजतं. पण गाडी येतच असते.

परवा मी रस्ता ओलांडून आत गेलो. चादर उचलली. पाय अनोळखी होते. मी मडकं मागून घेतलं.