हौसाक्कांचा अंगठा

हौसाक्का ढोबळी मिरची तोडताना रंगाकडे नंतर बघायच्या. आधी देठाजवळ अंगठा फिरवायच्या. जरा मऊ लागलं, की फळ वेगळ्या पिशवीत. काटेवाडीच्या आमच्या हरितगृहात त्या तोडणीला येत. माहेर मेंढपाळाचं. "दुखणाईत मेंढरू कळपात ठिवत न्हाईत, दादा," म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. हरितगृह नवं, आणि मीही शेतकीची पदवी घेऊन नुकताच आलेलो. त्या हिवाळ्यात झाडं गारठू नयेत म्हणून मी बाजूचे पडदे दिवसभर बंद ठेवायला लावले. चौथ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "पडदं वर करा. आत घाम सुटलाय. पाकळ्या फळाला चिकटल्यात, तितंच कुजंल."

"आक्का, तापमान सांभाळायला हवं."

त्या पुन्हा तोडणीला लागल्या.

आठवडाभरात पाकळ्यांखाली तपकिरी डाग पडले, त्यांवर राखेसारखी बुरशी धरली. मग मी पडदे उघडले. आक्कांनी बायकांना घेऊन कुजकी फळं, गळलेल्या पाकळ्या वेचल्या, पोत्यांत भरून तोंडं बांधली आणि पोती लांब खड्ड्यात पुरली. दर ओळीला कात्री जंतुनाशकात बुडवून पुसली. संध्याकाळचं पाणी सकाळवर आणलं. निम्मं पीक वाचलं. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? झाडाकडं बघा."

दोन वर्षांनी एकदा त्यांच्याच क्रेटमध्ये मला सडकं फळ सापडलं. मी ते पाठीमागे लपवलं.

"काय निघालं?"

"काही नाही."

"दावा हिकडं."

फळावर त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झाल्यात. कवापास्नं कळत हुतं मला. बोलले न्हाय, चुकलं माझं."

मी बसून करायचं काम देऊ केलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नंतरचे आठ दिवस मात्र त्या आल्या, तोडणीला नव्हे. नव्या बायकांचे अंगठे धरून फळांवर फिरवायला. नवव्या दिवशी मी त्यांना इंदापूरच्या एसटीत बसवलं. इंदापुरात त्यांची लेक राहायची. पाया पडलो, तेव्हा माझ्या डोक्यावर ठेवलेला हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

पुढच्या वर्षी निरोप आला, आक्का गेल्या. मी त्या दिवशी तोडणी थांबवायला सांगितलं. बायका दारात घुटमळल्या. त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली, "तयार माल झाडावर ऱ्हायला तर सडंल, दादा. आक्कांना चाललं असतं का?"

मीही क्रेट उचलून त्यांच्यामागे आत गेलो.