सर्जेरावच्या पोटातला फुगा

आमच्या नाटक मंडळीचा खरा नायक म्हणजे सर्जेराव आचारी. दौऱ्यावर प्रेक्षक येवोत न येवोत, त्याच्या पातेल्याचं झाकण निघालं की आम्ही सगळे राजेराण्या रांगेत! मंडळी बंद पडली, तसा तो लग्नाच्या पंगती करू लागला. उस्मानपुऱ्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. चव घेतल्याशिवाय पदार्थ वाढायला द्यायचा नाही, हा त्याचा नेम. त्यापायी वजन एकशे तीस किलोवर गेलं आणि गुडघे बसले.

डिसेंबरात डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्याच्या जठरात फुगा सोडला आणि तो निळ्या पाण्यानं भरला. सहा महिने ठेवायचा, म्हणजे भूक कमी लागते. बजावलं होतं, "लघवी निळी-हिरवी दिसली, तर फुगा गळतोय असं समजा. तडक या." चार महिन्यांत सोळा किलो उतरले. गडी खुशीत होता.

एप्रिलमधल्या एका सकाळी माझ्याकडे चहाला आला, तो दारातच पोट धरून वाकला.

"काय रे?"

"काय नाय अक्का, कळ येतीय जरा." मग खाली बघत म्हणाला, "दोन दिस झाले, हिरवी होतीय."

"दोन दिवस! आणि गप्प बसलास?"

"करमाडच्या लग्नात हिरवी बर्फी व्हती ना. दर घाण्याची चव घेतली. म्हटलं, त्योच रंग असंल."

मी त्याला रिक्षात कोंबलं आणि दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर मेघा म्हणाल्या, "रिकामा फुगा जठरात असेल तर दुर्बिणीनं निघेल. आतड्यात उतरून अडकला असेल, तर पोट उघडावं लागेल." फुगा नीट दिसावा म्हणून त्याला ग्लासभर पाणी पाजलं, कुशीवर वळवलं. आयुष्यभर पडदा उघडायची वाट पाहिली मी, पण त्या लहानशा काळ्या पडद्यासमोर जीव जितका टांगणीला लागला तितका कधी लागला नव्हता.

"टम्म गोल दिसायला हवा होता," डॉक्टर पुटपुटल्या. "ही बघा, नुसती चुरगळलेली रेघ. सर्जेराव, श्वास धरा."

त्यानं धरला. मीही धरला.

"जठरातच आहे! पण पार खालच्या तोंडाशी. उद्यावर ढकललं असतं, तर सांगता आलं नसतं."

संध्याकाळी दुर्बिणीनं फुगा निघाला. तोवर त्याची बायको चतुराबाई शेंद्र्याहून, लेकीकडून धावत आली होती. सर्जेरावनं डोळे उघडले, तशी ती कडाडली, "मला पहिल्याच दिशी काऊन नाय सांगितलं?"

"तू शनिवारच्या पंगतीला जाऊ दिलं नसतं."

"नसतंच दिलं!"

"मंग?"

तिनं त्याच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, शनिवारच्या लग्नघरी फोन लावला आणि रडत रडतच म्हणाली, "आचारी दुसरा बघा. आमचे हे यायचे नाय."

सर्जेराव पडून ऐकत होता. नाही म्हणाला नाही.