गुळवेलीवरची कमल

रामाकोना गावच्या कमलबाईंना परसातल्या दिव्यापाशी येणारे पतंग नावानिशी ठाऊक होते. नावं पुस्तकातली नव्हेत. त्यांच्या यजमानांनी, कवडूंनी, गावातल्याच माणसांची ठेवलेली. पावडर फासून आल्यासारखा पांढरा तो भूपेंद्र, उगाच भिंतीवर डोकं आपटणारा तो सरपंच. एक मोठा पतंग मात्र बाहेरून वाळक्या पानासारखा, आणि पंख उघडले की आत झगझगीत नारिंगी. "हे पाय, हे तूच," कवडू म्हणायचे. "वरतून वाळली, आतून गोड." कमलबाई लटकंच रागावायच्या. कवडू गेले, तरी तो पतंग दिसला की त्यांना अजून लाज वाटे.

यंदा संत्री पिकायच्या आधीच गळू लागली. त्यांचीही आणि शेजारच्या मोरेश्वरचीही. नागपूरहून आलेल्या लेकीने, अमिताने, संध्याकाळी पतंगाचा फोटो काढून मोबाइलवर जुळवून पाहिला.

"आई, हाच संत्र्यात सोंड खुपसून रस पिऊन राहिला. याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात."

गुळवेल होती त्यांच्याच कडुनिंबावर, कवडूंनी लावलेली. गावात कुणाला ताप आला की काढ्याला कांडं इथूनच जायचं. आणि तिच्यावरच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या अळ्या कमलबाईंनी इतकी वर्षं माहेरवाशिणींसारख्या जपल्या होत्या!

दुपारभर त्या रडल्या. पण मोरेश्वरचं घर त्या बागेवरच चालायचं. शेवटी विळा घेऊन त्यांनी वेल बुडातून कापली आणि मोरेश्वरला सगळं सांगून टाकलं.

दसरा उलटला तरी वरची वेल हिरवीच. फांदीवरून दोऱ्यासारखं एक मूळ जमिनीकडे लोंबत येत होतं. कमलबाईंना रडता रडता हसू फुटलं. कवडूही असेच, पुढच्या दाराने रागावून गेले की मागच्या दाराने चहा मागायला हजर.

त्यांनी विळा उचलला, पण हात चालेना. कुंपणापाशी मोरेश्वर उभा होता.

"राहू द्या न, वैनी. पोरगं तापलं तं मी काढ्याले कोणापाशी जाऊ? अळ्या आपण वेचून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वेचायला लागली. मोरेश्वरचा डबा भरत आला. कमलबाईंच्या हाताशी एक गुबगुबीत अळी आली. मोरेश्वर पाठमोरा आहे असं पाहून त्यांनी वरचं पान हळूच तिच्यावर ओढून घेतलं.