नावाड्याचं कापलेलं रीळ

शिरपूर-धुळे गाडीवर अभिमनभाऊ कोळी कंडक्टर होते, पण कंडक्टर म्हणून त्यांना फारसं कोणी ओळखत नसे. साऱ्या रस्त्याला ते 'नावाडी' म्हणून ठाऊक.

ऐंशी साली तापीकाठी 'वेचणी' नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. नावाड्याचं काम करणारा नट मुंबईहून आलाच नाही. दिग्दर्शक केळुसकर रोज एस.टी.ने नदीवर जायचे. एकदा त्यांनी तिकीट फाडणाऱ्या या रुंद खांद्याच्या माणसाला विचारलं, "नाव वल्हवता येते का?" अभिमनचं बालपण मामाच्या गावी नावेतच गेलं होतं, काम त्यालाच मिळालं.

चित्रपटात कापूस वेचणारी कस्तुरा पाटलाच्या तावडीतून पळते. नदीवर येते, तेव्हा नावाडी म्हणतो, "बस माय, नदी काय कोना बापनी शे?" तिला पैलतीरी सोडतो आणि ती शेतातून चालत उजेडात निघून जाते. संपलं. मुंबई-पुण्यात चित्रपट आठवडाभरही टिकला नाही. खान्देशातून मात्र तो कधी हललाच नाही. दर जत्रेत तंबूत लागायचा आणि ते वाक्य पडद्याआधी लोकच म्हणायचे.

शिकायला धुळ्याला जाणाऱ्या पोरींना आयाबाया अभिमनभाऊंच्याच गाडीत बसवू लागल्या. दारामागची बाकं या पोरींचीच. शेजारच्या भिकुबाईंनी तर लेकीला, सुमनला, कॉलेजात घातलं तेच मुळी या भरवशावर. "नावाड्यानी गाडी शे," एवढं त्यांना पुरे होतं.

पंच्याण्णव साली केळुसकर परतले. निर्मात्याने कात्री लावलेलं रीळ त्यांना सापडलं होतं. चित्रपट आता त्यांच्या मनासारखा जोडून झाला होता आणि पहिला खेळ धुळ्यात ठरला होता. निमंत्रणात अभिमनभाऊ प्रमुख पाहुणे.

घरात आनंद झाला. अभिमनभाऊंनी मात्र भाकर तशीच ताटात ठेवली.

"काय व्हयनं?" बायकोनं, तानुबाईनं, विचारलं.

"त्या सापडलेल्या रिळात अजून एक प्रसंग आहे," ते म्हणाले. "तिला सोडून आल्यावर नावाडी पाटलाच्या ओट्यावर जातो. ती कुठे उतरली ते सांगून टाकतो."

तानुबाईचा हात परातीत थांबला. "तुम्ही केला होता तो?"

"केला होता. मग कळलं, कापला. मी देवाला नारळ फोडला."

निमंत्रण आल्यापासून गाडीत कोणी 'नावाडीभाऊ' म्हटलं की ते उगाच तिकिटं मोजू लागत. पोरी बाकावर खिदळत असत. त्या उतरल्या की रिकाम्या बाकाकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जाई. बेल द्यायची राहून जाई आणि ड्रायव्हर मागे वळून बघे.

खेळाच्या दिवशी ते दुपारीच थिएटरवर गेले. केळुसकर पार थकले होते, हातात काठी आली होती.

"साहेब, तेवढा भाग गाळता येणार नाही का?"

"तेच तर निर्मात्याने केलं होतं," केळुसकर म्हणाले. "पाटलाला ठाऊकच नाही, पोरगी सुखरूप सुटली, लोक खूश. पण असं सुटता येत असतं तर मी चित्रपट कशाला काढला असता?"

"लोक माझ्या गाडीत पोरी बसवतात."

म्हाताऱ्याने काठीवर दोन्ही हात टेकले. मग म्हणाला, "तुमचं सगळ्यात चांगलं काम त्याच प्रसंगात आहे, अभिमनराव. मला ते फेकता येत नाही."

खेळ भरगच्च झाला. भिकुबाई सुमनला घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. नावेतलं वाक्य थिएटर एका सुरात बोललं. आणि मग नवा प्रसंग आला. पंधरा वर्षांपूर्वीचे अभिमनभाऊ ओट्याखाली उभे. कोणी मारत नव्हतं, धमकावतही नव्हतं. पाटील फक्त सुपारी कातरत होता. नावाड्याचे ओठ हलले, आवाज फुटेना, शेवटी त्याने मान खाली घालून पैलतीराकडे बोट केलं. चित्रपटाच्या शेवटी कस्तुरा शेतातून चालत होती तशीच चालत राहिली, फक्त मागून जीपचे दिवे जवळ येत होते.

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणी तरी "हरामी" म्हणालं. हार गळ्यात पडला तेव्हा अभिमनभाऊंनी वर पाहिलं नाही. दाराशी माणसं त्यांना वाट देत होती, बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिरपूर स्टँडवर दारामागची बाकं अर्धी रिकामी होती. रोज येणाऱ्या दोघी बहिणी मागून येणाऱ्या गाडीसाठी थांबल्या आणि पुढेही त्या कधी त्यांच्या गाडीत बसल्या नाहीत. भिकुबाई आल्या. सुमनला खिडकीशी बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

वाटेतलं नरडाणा गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "कसाले सांगं भाऊ, तुम्ही त्या पाटीलले?"

सिनेमा आहे, दिग्दर्शकाने सांगितलं तसं केलं, असं उत्तर त्यांनी रात्रभर घोकलं होतं. ते तोंडात आलंच नाही. "भ्याव वाटनं," ते म्हणाले.

"कोनाले? त्या नावाड्याले का तुम्हले?"

त्यांनी बराच वेळ तिकिटांची पेटी चाचपली. "शूटिंगला मला नाटक करावं लागलं नाही, बाई. तो पाटील झालेला नट होता, हे ठाऊक असूनही माझे पाय कापत होते. खराखुरा पाटील समोर आला तर काय करेन, मला सांगता येत नाही. न सांगण्याचा प्रयत्न करेन."

धुळे आलं तशा भिकुबाई उठल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "खरं बोलनात, बरं व्हयनं."

आठवडाभर त्या लेकीसोबत येत-जात राहिल्या. मग एका सकाळी सुमन एकटीच आली, दारामागच्या बाकावर बसली आणि पुस्तक उघडलं. अभिमनभाऊंनी बेल दिली.

त्या वर्षी जत्रेतल्या तंबूवाल्याने जुनीच प्रत लावली, कारण नवी कोणी मागितली नाही. त्याने अभिमनभाऊंना नेहमीसारखं बोलावलं. ओट्याचा प्रसंग नसलेल्या त्या खेळाला ते गेले नाहीत. त्या दिवशी जत्रेची जादा गाडी होती, तिच्यावरची ड्युटी त्यांनी मागून घेतली.