नंदा मॅडमनी विचारलेला प्रश्न

सरकारी वकील नंदा इंगळे यांना कुंडलिक पालव जेमतेम ओळखत होता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचे वडील बुलढाण्याहून चेंबूरला आले, मुलगी शिकवण्या घेत वकील झाली, सव्वीस वर्षं सरकारची बाजू मांडत राहिली, हे सगळं त्याला गेल्या वर्षी त्यांच्या शोकसभेत कळलं. त्याची भेट तीन-चारदाच झालेली, तीही कोर्टात.

पुनर्वसनाच्या इमारतींतली दोनशे घरं खोट्या नावांवर वाटली गेली होती. बडे लोक अडकले होते. खटला मॅडमकडे होता आणि तो उभा होता त्या घरवाटपाचा खरा हिशेब लिहिलेल्या एका वहीवर. ती जप्त करताना पोलिसांनी पंच म्हणून मुलुंडच्या एका कचेरीतला कारकून नेला. तो कुंडलिक.

साक्षीच्या सकाळी, दिंडोशीच्या कोर्टातल्या बाकावर त्यानं मॅडमना खरं सांगून टाकलं. वहीच्या पाकिटाला लाखेचं सील लावलं तेव्हा तो तिथं नव्हताच. साखर उतरून घाम फुटला, म्हणून खाली काहीतरी खायला गेला होता. परतला तर पाकीट बंद. 'माझ्यासमोर सील केले' या ओळीखाली त्यानं सही केली. सगळेच करतात.

तपास अधिकारी नंदकुमारनं कपाळाला हात लावला. "सहा वर्षं गप्प बसलात ना? मग अजून एक तास बसायचं ना यार! मॅडम, वाट लागेल आपली. वही बदलली म्हणतील."

"म्हणू देत," मॅडम म्हणाल्या. "पालव, आज काही खाल्लंय का?"

"खाल्लंय."

"मग चला. झालं तेवढंच सांगा."

कुंडलिकला वाटलं, त्या तेवढा प्रश्न गाळतील. त्यांनी तोच आधी विचारला.

"सील लावताना तुम्ही हजर होता?"

"नव्हतो."

आरोपींच्या वकिलाला आयतंच मिळालं. आठ महिन्यांनी सगळे सुटले. सरकारी वकील विकल्या गेल्या, असंही लोक बोलले. त्यानंतर मॅडमना मोठा खटला कधी मिळाला नाही.

निकालाच्या दिवशी माफी मागायला कुंडलिक तिसऱ्या मजल्यावर जिन्याशी थांबला होता. मॅडम फायली छातीशी धरून आल्या. तो पुढे झाला.

"लिफ्ट बंद आहे, पालव. सावकाश उतरा."

"बरं, मॅडम."