माळवदावरची काळी माती

चैत्र वद्य पंचमी, शके १८६७. जालना. हजर: घरमालकीण काकू, त्यांचा दीर, माझे यजमान आणि मी. शिवाय रॉकेलचे सात डबे: कोरफडीचे दोन, मायाळूचे दोन, पानओवा, पुदिना आणि गवती चहा यांचा एकेक. सकाळी डबे सात होते, दुपारी सहा राहिले. मायाळूचा एक डबा काकूंनी उचलून खाली गल्लीत टाकला.

आम्ही त्यांच्या घरात माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आमचे दार उघडले की समोर मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद. त्याच्याखाली काकूंची कोठी. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, कोठी गळली आणि काकूंनी नुकत्याच वाळवून ठेवलेल्या वर्षाच्या कुरडया भिजल्या. कुरडयांचे मला वाईट वाटले. काकूंचे वाटले नाही. आम्ही आल्यापासून त्यांना आमचे सगळेच खुपत होते: पाट्याचा आवाज, वाळत घातलेली धुणी, आणि सर्वांत जास्त माझे डबे.

“रोज पाणी ओतून राह्यल्या वरून, मंग गळन न्हाई तर काय,” त्या यजमानांना म्हणाल्या. माझ्याशी त्या बोलतच नव्हत्या. “ह्यांना सांगा. डबे खाली, न्हाईतर तुम्ही खाली. अक्षय तृतीयेच्या आत.”

यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. तिथून जवळ दुसऱ्या खोल्या नव्हत्या, हे काकूंना आमच्याइतकेच ठाऊक होते.

माझी झाडे निवडलेलीच अशी होती की आठवडाभर विसरले तरी कुरकुर करायची नाहीत. विहिरीचे पाणी त्यांना मी कधी घातले नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी, दोन डब्यांना मिळून एक तांब्या, दिवसाआड. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके, त्यावर खापरी, खाली जुनी थाळी. थाळीत उतरलेले पाणी पुन्हा त्याच डब्यात. माळवदावर थेंब पडत नसे. बाजारात भाजी मिळेना तेव्हा मायाळूचे वरण आणि पानओव्याची भजी यांवर आमचे दिवस निघाले होते, आणि वास येतो म्हणून काकूंनी तेव्हाही खिडकी लावून घेतली होती.

पाणी कधी घातले, खत कधी घातले, हे मी वहीत लिहून ठेवत असे. तीच वही आणली आणि सगळ्यांसमोर वाचायला घेतली. मला काकूंना गप्प करायचे होते.

“वाचा, वाचा,” काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. “पोथीच आहे ना ती.”

मी वाचत गेले. माघ, दिवसाआड तांबे साडेतीन. फाल्गुन, तेवढेच, पुदिना छाटला. फाल्गुन वद्य, झाडाचा डेरा फुटला, त्यातली माती माळवदाच्या खड्ड्यात पसरून जागा सपाट केली.

माळवदाची डागडुजी काकूंचे दीरच करत. ते उकिडवे बसले होते, ते उठले.

“थांबा ताई. कोणती माती? काळी का पांढरी?”

मी पान उलटले. झाडांच्या डेऱ्यात कोणती माती असते, हे कुणालाही कळते. तीर्थपुरीच्या शेतातून पोत्याने आणलेली काळीच होती.

त्यांनी कोपऱ्यातला तो भाग टाचेने उकरला. हातभर लांब भेगा पावसानंतरही बुजल्या नव्हत्या आणि त्यांत बोट जात होते. “काळी उन्हात फाटती. पांढरी बसून राहती, पाणी वरूनच काढून देती. लेकराला बी ठाऊक असतं हे.”

“हिशोबी बाई,” काकू पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या. “काळीत पेरावं, पांढरीत राहावं. तुम्ही आमच्या डोक्यावर शेत केलं.”

यजमान हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना पुढे पुष्कळ दिवस माफ केले नाही.

माझे माहेर टेंभुर्णीचे. तिथेही माळवदेच. मला कळत नव्हते असे नाही. माती हाताशी होती, खड्डा समोर होता, आणि पाटीभर पसारा मला डोळ्यांसमोर नको होता. एवढेच. पण ते मी काकूंना सांगितले नाही, आणि चुकले असेही म्हटले नाही. गल्लीतला मायाळू अजून तसाच पडला होता.

दीर म्हणाले, “काळी उकरून काढा, दोन पाट्या पांढरी दाबून बसवा. मंग वहिनीला मी सांगतो.” म्हणजे वाट होती. काळी माती मी त्याच दिवशी खरवडली आणि उरलेल्या सहा डब्यांत घातली. खड्ड्यावर पत्रा ठेवला, वर दगड. दुसऱ्या दिवशी गाढववाल्याला पांढरी आणायला सांगितले.

“काकूंनी सांगून ठेवलंय,” तो म्हणाला. “वरच्यांना माती द्यायची न्हाई.”

गावाबाहेर पडक्या गढीपाशी पांढरी हवी तेवढी होती. पाटी घेऊन मी स्वतः गेले असते तर दोन खेपांचे काम. यजमानांनी तीनदा सांगितले. मी गेले नाही. ज्या बाईने माझा वेल गल्लीत फेकला, तिचे छत मी डोक्यावरून माती वाहून भरणार नव्हते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी बैलगाडीत सामान भरले. यजमानांना त्यानंतर रोज दुप्पट चालावे लागले. डबे सहाही नीट पोचले.

वही माझ्याकडे आहे. त्या पानावरच्या सगळ्या कामांपुढे खुणा आहेत. एकापुढे नाही: पांढरी, दोन पाट्या.