कागदावरची खोली

गुरपादप्पा घराचा अर्ज लिहायचे, पण त्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचे नाहीत. पंचायतीसमोरच्या लिंबाखाली बसणारे बाकीचे अर्ज लिहिणारे बसल्या जागी पाच कागद खरडत, तोवर हे छत्री काखेत मारून कुणाच्या तरी घराकडे निघालेले असत. ओसरीवर टेकायचे, तांब्याभर पाणी मागायचे, सावकाश प्यायचे, मग उठून घराभोवती एक फेरी मारायचे. "ज्या घरचं पाणी पिलो, त्या घराबद्दल खोटं लिवायला हात चालत न्हाई," असं म्हणायचे. अर्ज कन्नडमध्ये लिहून झाला की तोच मराठीत वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याची मान हलल्याशिवाय सही घ्यायचे नाहीत. आमच्या या सीमेवरच्या भागात कितीतरी लोकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. अप्पा त्यांचे डोळे होते.

माझेही. कन्नडमध्ये भांडण मी कुणाला जिंकू दिलं नाही, पण पाटी वाचायची म्हटलं की शेजाऱ्याकडे बघावं लागतं. फाटकी पोती, म्हणजे बारदान, विकत घ्यायचं, शिवायचं आणि अडतीवर विकायचं, या धंद्यावर मी उभा राहिलो. घर घेतलं तेव्हा केस पिकायला लागले होते. विकणारा शिवानंद, हैदराबादला नोकरीला असलेला. त्याच्याशी मी सहा महिने घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, घ्या तुमच्या भावानं, मला मोकळं करा. मी जिंकलो असं मला वाटलं. माणूस एवढा सहज का सुटतोय, हे विचारायला हवं होतं.

पहिली घरपट्टी आली आणि शेजाऱ्यानं ती वाचून दाखवली. कागदावर चार खोल्या होत्या. माझ्या घरात तीन. पंचायतीत जाऊन मी आवाज चढवला. कारकून म्हणाला, अर्ज आणा. म्हणून अप्पा आले.

पाणी प्यायले, फेरीला निघाले आणि परसात थांबले. तिथं तुरीच्या काड्यांचा ढीग होता, वर चार खांबांवर पत्रे. सरपणाची जागा, असं शिवानंदनं मला सांगितलं होतं. अप्पांनी काड्या बाजूला सारल्या. आत दगडी ओटा होता, त्यावर कोरलेलं लिंग. अप्पांनी चपला काढल्या.

ती शिवानंदच्या आईची समाधी होती, अप्पांनी सांगितलं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, आपल्या जमिनीत बसवून पुरतात. घर उभं आहे तो तुकडा पूर्वी त्यांचं शेतच होता. मोजणीला आलेल्या माणसानं भिंतीवरून पत्रे पाहिले आणि वहीत खोली लिहिली. वहीत घर, खोली, दुकान, मोकळी जागा एवढेच रकाने. याला रकानाच नव्हता.

"हितं काही न्हाई म्हणून लिवा," मी म्हणालो.

"हाय की. समाधी हाय, राहतं कुणी न्हाई, असं लिवतो. पट्टी कमी हुईल."

"आन् उद्या घर इकायचं झालं तर? समाधीचं घर कोण घील?"

अप्पा हसले. "बारदानवाले, आजून भांडी मांडली न्हाईत, आन् इकायला निघालाव व्हय?"

मग त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. ते शिवानंदला पत्र लिहिणार होते. तो येईल, पूजा करून आईची माती उचलेल, चुलत्याच्या शेतात नेऊन ठेवील. "मंग म्या सोता लिवतो, हितं काही न्हाई म्हणून. तवर हात लावू नका." मी मान हलवली.

पण रोज सकाळी दात घासताना ते पत्रे समोर दिसायचे आणि डोकं तापायचं. शिवानंद फोन उचलत नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या पोत्याला खालून हात घालून बघणारा मी, आणि मलाच झाकलेला माल विकला होता. दिवाळीच्या आधी दोन गडी लावून मी ओटा फोडला, जागा सपाट केली. दगड चांगले होते. पुढच्या दाराला पायरी नव्हती, ती त्यांची केली. लिंबाखालच्या दुसऱ्या माणसाकडून 'मागे काही नाही' असा अर्ज लिहून घेतला. त्याला पाच मिनिटं लागली.

चार दिवसांनी भर उन्हात अप्पा आले. सोबत शिवानंद, हातात नवं धोतर आणि हार. अप्पांनी पायरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पायरी टाळून घराला वळसा घातला आणि दोघं परसात गेले.

शिवानंदला काय काय सुनवायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं. तो सपाट जमिनीकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "नेमकं कुठं होतं?"

मला दाखवता आलं नाही. मी बोट केलं, मग दुसरीकडे केलं. त्यानं दोन्हीकडची मूठमूठ माती धोतरात बांधली.

मी अप्पांना म्हणालो, काय करायचं ते सांगा, काय द्यायचं ते सांगा, आत्ता मिटवू. बायकोनं तांब्या आणला. स्टँडपासून चालत आलेला माणूस, ओठ सुकलेले.

"नको अक्का," अप्पा म्हणाले. "तहान न्हाई."

त्या थंडीत अप्पा गेले. मातीला मी गेलो होतो, लांब उभा राहिलो. माझा राग अजून उतरलेला नाही. शिवानंदनं लपवलं, हे खरंच आहे. अप्पांनी निदान भांडायला हवं होतं. भांडणात मला बोलता येतं.

पायरीचे दगड मी काढून पुन्हा परसात नेऊन ठेवले, अंदाजानं. तिथं बायको कपडेही वाळत घालत नाही.

माझा अर्ज पंचायतीत कुठं गेला कोण जाणे. पट्टीवर अजून चार खोल्या येतात. लिंबाखाली आज पाच मिनिटांत नवा अर्ज मिळेल. परवा कारकुनानंच विचारलं, "शेठ, तुमच्या खोल्या तीनच हायत म्हणं की?"

"चार हायत," मी म्हणालो आणि चारचीच भरली.

चौथीत कोण राहतं, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.